पत्ता सांगत नाही, जा!

नाटकांची परीक्षणं पुष्कळ लोक लिहितात. पुस्तकांची त्याहून जास्त लिहितात (काही जण तर पुस्तक वाचूनसुद्धा!). पण आजकाल घरोघर ज्या कलाकृतीचे प्रयोग चालू असतात, त्या 'हे पान उघडता येत नाही' या एकवाक्यी कलाकृतीला अजून समीक्षक भेटलेला नाही. ही उणीव एका बी.कॉम. माणसानं भरून काढणं समीक्षेच्या परंपरेत बसत नसेल. पण बँकेच्या काउंटरमागे बसून 'नाही' म्हणण्याचे इतके प्रकार मी हाताळले आहेत, की या विषयातला माझा अधिकार निदान मला तरी मान्य आहे.

प्रथम कथानक. आपण वेबसाइट नावानं ओळखतो, फोनला मात्र ती गाठायला आकडा लागतो. पूर्वी आपण १९७ फिरवून विचारत असू, "अमक्या डॉक्टरांचा नंबर काय हो?" तसंच हे. नाव सांगा, आकडा घ्या, ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तिला डीएनएस म्हणतात. घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप दिवसभर या चौकशीच्या खिडकीवर रांग लावून असतात. तेव्हा नको ती साइट अडवायची तर सोपा उपाय म्हणजे त्या खिडकीवर आपला माणूस बसवायचा. यादीतलं नाव आलं की त्यानं म्हणायचं, "पत्ता सांगत नाही, जा!" साइट जागच्या जागी असते, रस्ताही असतो, फक्त पत्ता कुणी सांगत नाही. पुण्यात हे तंत्र इंटरनेटच्या आधीपासून आहे.

असे तीन द्वारपाल मी क्रमाक्रमानं घरी ठेवून पाहिले.

पहिला ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड, जन्म २०१०. राउटरमध्ये २०८.६७.२२२.१२३ हा आकडा लिहिला की तो कामावर रुजू. (जाता जाता राउटरचा पासवर्ड बदला. कारखान्यातून येताना तो बहुधा 'ॲडमिन' असतो आणि हे घरात तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.) दुसरा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३. नाव पाठ करायला सोपं आणि जन्म १ एप्रिल २०२०चा, तरी थट्टा नव्हती. दोघे एकाच घराण्याचे. यादी त्यांची, नकार आपल्या घरात. यादी करणारा कोण, कुठे बसतो, त्याची आवडनिवड काय, काही कळत नाही. १.१.१.३नं सुरुवातीलाच समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांना माहिती देणाऱ्या निरुपद्रवी साइटही अडवल्या होत्या. कंपनीनं माफी मागून ते दुरुस्त केलं, हे तिच्या जमेला धरतो. नुसतं अक्षरांवरून चारित्र्य ठरवणारे तर याहून थोर. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर नावनोंदणी करता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अचकट शब्द दडलेला होता. आमच्याकडे हा नियम लावला तर निम्म्या आडनावांची खाती गोठतील.

तिसरा पाय-होल. रास्पबेरी पाय नावाच्या, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या यंत्रावर हा बसतो. २०१५ पासून लोकांच्या घरी आहे, फुकट आहे, आणि यादी आपल्या हाती. जाहिरातींनाही पिटाळतो. यूट्यूबपुढे मात्र हात टेकतो, कारण तिथे जाहिरात आणि चित्रफीत एकाच बिऱ्हाडातून निघतात, आणि याला वाडा बंद करता येतो, वाड्यातली एक खोली नाही. शिवाय चिरंजीवांनी वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला की तिन्ही द्वारपाल दारात आणि चोर मागच्या दारानं पसार!

पण माझा खरा आक्षेप शैलीवर आहे. आमच्या बँकेत चेक परत करताना मेमो जोडतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, काय असेल ते कारण लिहून. ग्राहक भांडतो, पण निदान कशावर भांडायचं ते त्याला कळतं. पाय-होल विचारणाऱ्याच्या हातावर ०.०.०.० ठेवतो आणि गप्प. घरात बोंब उठते, "बाबा, नेट गेलं!" आमची नववीतली कन्या तर शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या यादीविरुद्ध अपील कुठे करायचं?" घरच्या द्वारपालाकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आणि पाय-होलची खतावणी! कोणत्या फोननं किती वाजता कोणतं नाव विचारलं, ओळीनं नोंद. हिशेब तपासायला मी ती उघडली आणि एका ओळीवर थांबलो. रात्री पावणेतीन, वडिलांचा फोन, एका हृदयरोग रुग्णालयाचं नाव. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं. बँकेत नोकरीला लागताना आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ग्राहकाचं खातं बायकोलाही सांगायचं नाही. इथे तसली सही कुणी मागितलेली नव्हती. सकाळी चहा देताना मी नुसतं म्हटलं, "अण्णा, यंदा दोघांचीही तपासणी करून घेऊ." ते म्हणाले, "बघू." पण त्यांनी बशी खाली ठेवली नाही, तेव्हा लगेच वेळ ठरवून टाकली.

नोंदीतली नावं झाकायची सोय पाय-होलमध्ये आहे. गोपनीयतेच्या पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कुणी काय विचारलं हे मालकालाही दिसत नाही. या कलाकृतीतलं हे सर्वांत सुंदर प्रकरण, आणि कर्त्यानं ते सेटिंगच्या अडगळीत ठेवलंय. मूळ प्रतीत सगळं उघडंच असतं. मी शोधून वरच्या पायरीवर चढलो.

मेमोची उणीव मात्र हातानं भरून काढली. फ्रिजवर एक वही टांगली आहे : साइटचं नाव, अडवण्याचं कारण, माझी सही, आणि हरकतीसाठी मोकळा रकाना. पहिली हरकत कन्येची आहे. बाबांच्या फोनवरची क्रिकेटची साइट रात्री अकरानंतर यादीत का नाही, असा तिचा सवाल. सौ.नी त्याखाली शिफारस म्हणून सही केली आहे. अर्ज विचाराधीन आहे.