‘रीटा वेलिणकर’ : कचेरीतील प्रेम आणि परस्वाधीन कर्तृत्व

प्रस्तावना :
१९७५ नंतरच्या मराठी कादंबरीत नोकरी करणाऱ्या स्त्रीचे चित्रण अधिक ठळकपणे होऊ लागले. शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) ही या प्रवाहातील महत्त्वाची कादंबरी होय. लेखिकेनेच तिचा इंग्रजी अनुवाद केला. २००९ मध्ये रेणुका शहाणे यांनी तिच्यावर आधारित ‘रीटा’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. स्त्रीची अस्मिता आणि कुटुंब या अंगांनी या कादंबरीचा विचार सहसा केला जातो. प्रस्तुत लेखात तिचा कचेरीतील प्रेमाची कादंबरी म्हणून विचार केला आहे.

प्रेम आणि पगार :
चार बहिणींत थोरली असलेली रीटा ऐन तारुण्यात घराची कर्ती होते. नोकरी हा तिच्यासाठी हौसेचा नव्हे, तर संसार तगवण्याचा मार्ग आहे. तिचे वरिष्ठ साळवी विवाहित आहेत. त्यांच्याशी जडलेले नाते तिला वर्षानुवर्षे गुप्त ठेवावे लागते. त्याची परिणती अखेर मानसिक कोसळण्यात होते.

कचेरीतील प्रेमाच्या लोकप्रिय कथेत एखादा मत्सरी सहकारी किंवा बाहेरचा कपटी माणूस घातपात करतो आणि तो उघडकीस आला की प्रेमिकांची वाट मोकळी होते. ‘घरोंदा’ (१९७७) या हिंदी चित्रपटातही मुंबईच्या कचेरीतील प्रेमी युगुलाची घरासाठीची पुंजी बुडते आणि त्या आघातातून कथानकाला वळण मिळते. ‘रीटा वेलिणकर’मध्ये असा बाहेरचा आघात नाही. येथे घातपात घडतो तो रचनेतूनच. ज्याचा शब्द रीटाच्या नोकरीत निर्णायक आहे, त्याच्याकडूनच तिला प्रेमाचीही अपेक्षा आहे. त्यामुळे आपले कर्तृत्व आपलेच, असे निःशंकपणे म्हणण्याची सोय तिला उरत नाही. साळवींना दुष्ट न रंगवण्यात लेखिकेचा संयम आहे आणि कादंबरीचे बळही त्यातच आहे.

कायद्याची मर्यादा :
सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे १९९७ ची, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दोन्हींचा आधार ‘नकोसे वर्तन’ हा आहे. रीटाला मात्र हे नाते हवे आहे. कायदा जेथे थांबतो, तेथे या कादंबरीचा प्रश्न सुरू होतो : संमती असूनही सत्ता विषम असेल, तर त्या संमतीची किंमत कोण मोजतो? कादंबरीचे उत्तर स्पष्ट आहे. साळवींचे पद, घर आणि प्रतिष्ठा अबाधित राहते. कोसळते ती रीटा.

मर्यादा :
कादंबरीचा भर रीटाच्या मनोव्यापारांवर असल्याने प्रत्यक्ष कामाचे तपशील मागे पडतात. रीटा कामात किती वाकबगार आहे, हे अधिक दिसते, तर तिच्या हानीचे मोजमाप वाचकाला अधिक नेमके करता आले असते.

समारोप :
महाड-पोलादपूर परिसरात मुंबईला गेलेल्या पुरुषाने गावी पैसे पाठवायचे, ही जुनी रीत. आज डोंगरातल्या वाड्यांवरील पदवीधर मुलीही महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीला जातात. यांतील काहींच्या पगारावर घर चालते. नोकरी सोडणे परवडत नाही, ही रीटाची अडचण त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून ही कादंबरी वर्गात शिकवताना ‘साळवी चांगले की वाईट?’ या प्रश्नावर चर्चा थांबू नये. ‘हे नाते तुटले असते, तर नोकरी कोणाची गेली असती?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. हा प्रश्न तीव्रतेने जाणवून देणे, हेच ‘रीटा वेलिणकर’चे मराठी कादंबरीला योगदान आहे, असे म्हणता येईल.