छायाचित्र-ग्रंथातील शब्द : वारीच्या चित्रांच्या निमित्ताने

एखाद्या स्थानिक परंपरेचा छायाचित्र-ग्रंथ सिद्ध होत असता त्यात मजकूर किती व कोणता असावा, हा प्रश्न बहुधा अखेरीस उपस्थित होतो. चित्रांची निवड झालेली असते, पृष्ठांची मांडणी ठरलेली असते, आणि मग उरलेल्या जागेपुरते शब्द मागविले जातात. अशा रीतीने आलेला मजकूर दोहोंपैकी एका दोषास बळी पडतो. एक तर डोळ्यांना जे दिसते तेच तो पुन्हा सांगतो; अथवा भक्तिरस, लोकमानस, अखंड परंपरा अशा मोठ्या शब्दांनी तो चित्र झाकून टाकतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. चित्र काय सांगू शकत नाही, याचा विचार मजकूर लिहिण्यापूर्वी झालेला नसतो.

आषाढी वारीतील रिंगणाचे छायाचित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. एकावर पताकाधारी स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीही नसते. रिंगणात हे दोन्ही अश्व धावतात व त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. छायाचित्रात दुसरा अश्व रिकामा दिसतो. वारकऱ्याच्या लेखी तो रिकामा नसतो. तो माउलींचा अश्व असून स्वतः माउली त्यावर आरूढ असतात, अशी श्रद्धा आहे. जे दिसत नाही ते आहे असे मानणे, हाच या प्रसंगाचा गाभा होय; आणि नेमका तोच छायाचित्राच्या आवाक्याबाहेरचा आहे. 'रिंगणात धावणारे घोडे' ही ओळ खोटी नाही, पण निरुपयोगी आहे. 'माउलींचा अश्व' हे दोन शब्द मात्र चित्र बदलून टाकतात.

दुसरी उणीव काळाची आहे. छायाचित्रास क्षण असतो, रीती नसते. एकदा घडलेले आणि दरवर्षी घडणारे यांतील भेद क्रियापदाने दाखविता येतो, प्रतिमेने नाही. परंतु चित्राखालील ओळ लिहिणाराही येथे सावध नसतो. 'काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते' हे वाक्य घ्यावे. तुकाराममहाराजांच्या पालखीभोवती तेथे मेंढ्या धावविल्या जातात, त्यासंबंधीचे हे विधान आहे. यातील 'होते' हे 'होणे' या धातूचे रीतिवाचक वर्तमानरूप आहे, की 'असणे' याचे भूतकालीन रूप आहे, हे वाक्यावरून कळत नाही. रिंगण दरवर्षी होत असते, की त्या दिवशी ते होते? व्याकरणातील ही संदिग्धता अभ्यासकाच्या दृष्टीने गंभीर आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. वर्षाचा उल्लेख नसलेली व सर्वत्र 'होते', 'करतात', 'येतात' अशी लिहिलेली चित्रमाला हा खंड पुसून टाकते. परंपरा अखंड दिसते. परंतु ती टिकविण्यासाठी त्या वर्षी काय करावे लागले, हे नाहीसे होते.

रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली प्रतिमेसंबंधी लिहिताना शब्दाची दोन कार्ये सांगितली : प्रतिमेच्या तरंगत्या अर्थास नांगराप्रमाणे स्थिर करणे, आणि प्रतिमेत नसलेला अर्थ पुरविणे. परंपरेच्या ग्रंथात दुसरे कार्य प्रधान असावयास हवे. व्यवहारात मात्र पहिल्याचाच अतिरेक होतो. याचे उद्बोधक उदाहरण म्हणजे ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड यांचा १९४२ साली प्रसिद्ध झालेला 'बालिनीज कॅरॅक्टर' हा ग्रंथ होय. १९३६ ते १९३८ या काळात बाली बेटावर घेतलेल्या सुमारे २५,००० छायाचित्रांतून निवडलेली ७५९ चित्रे त्यात १०० फलकांवर मांडली आहेत. फलकासमोरील पृष्ठावर चित्रटीपा असून त्यांत स्थळ व दिनांक दिला आहे. दृश्य आणि अनुमान वेगळे ठेवण्याची ही शिस्त आजही अनुकरणीय आहे.

तथापि याच ग्रंथात शब्दाचे आक्रमणही दिसते. मीड यांचा दीर्घ निबंध चित्रांच्या आधी येतो. म्हणजे वाचक निष्कर्ष घेऊनच चित्रांकडे वळतो. फलकांचे वर्गीकरणही शिक्षण, आईबाप व मुले, भावंडे अशा अभ्यासकांच्या मानसशास्त्रीय कल्पनांनुसार केलेले आहे. बाली लोक स्वतः आपल्या आचारांची विभागणी कशी करतात, हे त्या मांडणीतून उमगत नाही. टीप प्रामाणिक असूनही अनुक्रम पक्षपाती असू शकतो, हा या ग्रंथाचा धडा आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, शब्द इतके धोकादायक असतील तर चित्रांना एकटे सोडावे. वॉकर इव्हान्स व जेम्स एजी यांच्या १९४१ च्या ग्रंथात अलाबामातील कुळांची छायाचित्रे कोणत्याही ओळीविना आरंभीच दिली आहेत, हे खरे. परंतु त्यांच्यामागून एजी यांचे शेकडो पृष्ठांचे गद्य येते. तेथे शब्द टाळलेला नसून दूर ठेवलेला आहे. शिवाय त्या चित्रांतील चेहरा, घर, खाट ही परक्या वाचकासही ओळखता येतात. माउलींचा अश्व तसा ओळखता येत नाही. मौनाने येथे चित्र मुक्त होत नाही. ते केवळ प्रवाशाच्या कुतूहलाच्या स्वाधीन होते.

म्हणून अशा ग्रंथातील मजकुराकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे योग्य ठरेल. त्याने स्थळ व वर्ष सांगावे. रीतीचे विधान आणि प्रसंगाचे विधान क्रियारूपांनी स्पष्टपणे वेगळे ठेवावे. आणि वस्तूस व विधीस परंपरेत जे नाव आहे तेच द्यावे. 'विसावा' यास 'विश्रांतिस्थळ' म्हटल्याने अर्थ सुबोध होत नाही. विसाव्याशी जडलेली पालखी, आरती व वाटचाल तेवढी गळून पडते. छायाचित्र वस्तूचे रूप जपते, नाव जपत नाही. वापरणाऱ्यांच्या तोंडून नाव गेले की पुढच्या पिढीच्या हाती सुबक पण मुकी चित्रे राहतात. चित्राखालची ओळ ही शोभेची बाब नसून नोंदीची जागा आहे, असे मानले तर तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागेल.