पदवी आणि ‘निवेदन’

धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’ १९२४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्याच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्यांतून एकच अनुमान काढलेलें दिसतें: विद्यापीठाची पदवी नसतां मनुष्य हार्वर्डपर्यंत पोहोंचतो, अर्थात् पदवी व्यर्थ होय. बी. ए. च्या वर्गांत ज्यांचें मन रमत नाहीं अशा मुलांच्या तोंडीं हें उदाहरण असतेंच. हल्लीं तें त्यांच्या वडिलांच्याही तोंडीं ऐकूं येतें. पदव्या देणाऱ्या संस्थेचें अन्न खाणाऱ्या मजसारख्यानें येथें आक्षेप घेतला तर तो पोटासाठीं घेतला असें कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण हें अनुमान त्या पुस्तकांतून निघत नाहीं.

पुस्तकांत आहे तें असें. १८७६ सालीं गोव्यांतील सांखवाळ येथें जन्मलेला, शाळेंत जेमतेम शिकलेला एक तरुण १८९९ सालीं घर सोडतो. त्याला संस्कृत शिकावयाचें असतें व बुद्धाचा धर्म समजून घ्यावयाचा असतो. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, कलकत्ता असा हिंडत तो सिंहलद्वीपास जातो, आणि तेथें १९०२ सालीं विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांजवळ प्रव्रज्या घेऊन पाली शिकूं लागतो. काशीस अन्नछत्रांत जेवून केलेलें अध्ययन ज्या कोरड्या शब्दांत सांगितलें आहे, त्याच शब्दांत पुढील मानसन्मानही सांगितले आहेत. आपल्याकडील आत्मचरित्रांत दारिद्र्याचें भांडवल करण्याची जी खोड आहे, तिचा येथें लवलेश नाहीं. ‘निवेदन’ मला वारंवार वाचावेसें वाटतें तें याचसाठीं.

आतां त्या प्रवासांत दारें कोणीं उघडलीं तें पाहावें. कलकत्त्यास न्यायमूर्ति आशुतोष मुकर्जी, पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, अमेरिकेंत हार्वर्डचे प्रोफेसर वुड्स. भांडारकर तर मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं. हे सारे विद्यापीठांत वाढलेले लोक. कोसंबींची विद्या खरी आहे हें त्यांना ओळखतां आलें, व आपल्या शब्दाला असलेलें वजन त्यांनीं कोसंबींच्या पारड्यांत टाकलें. म्हणजे पदवी येथें नव्हतीच असें नव्हे. ती दुसऱ्यांची होती. शिवाय त्या काळीं आपल्या इलाख्यांत पाली शिकविणारें विद्यापीठच नव्हतें. जो विषय परीक्षेंत नाहीं, त्याची पदवी मागणार कोण? सुमंगलाचार्यांपुढें बसून त्रिपिटक वाचलेला मनुष्य हीच त्या विषयांतली सर्वांत मोठी पात्रता होती. वकिली, वैद्यकी किंवा स्थापत्य यांत असा रिकामा प्रदेश कधींच शिल्लक नसतो.

याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. १९०८ च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा ५० रुपये देऊं केले. अट एवढीच कीं महाराष्ट्रांत राहावें व पुस्तकें लिहावीं. कलकत्त्यास याहून पुष्कळ अधिक वेतन मिळत असतां त्यांनीं हे ५० पत्करले. आणि महाराष्ट्रांत येऊन कशाच्या मागें लागले? तर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत पालीला जागा मिळावी याच्या! भांडारकरांच्या साहाय्यानें तें साधलें, आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविली. ज्याला स्वतः पदवीची गरज पडली नाहीं, त्यानें आपल्या विषयाला मात्र पदवीच्या परीक्षेंत बसविलें. विद्यार्थी आला पाहिजे, आणि पालीला परीक्षेंत स्थान असल्यावांचून तो येणार नाहीं, हें व्यवहारज्ञान या संन्याशाजवळ पुरेपूर होतें.

पुस्तकाचा एक उणेपणा सांगितलाच पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचा तो गाभा आहे. कोसंबी घरून निघाले तेव्हां मागें पत्नी व तान्ही मुलगी होती. त्या काळांतलें त्या बाईंचें आयुष्य ‘निवेदना’च्या कडेनें जातें, आंत येत नाहीं. लेखक तुटक लिहितो म्हणून हें खपून जातें. पण पदवीवांचून मिळविलेल्या विद्येची किंमत कोणीं मोजली, हें विचारावयाचें झालें तर उत्तर त्या घरांत शोधावें लागतें. कॉलेजचें शुल्क महाग आहे अशी ओरड आपण करतों. हें शुल्क त्याहून किती महाग होतें!

पुस्तक संपल्यानंतरचें आयुष्य त्यांत येणें शक्य नव्हतें. चिरंजीव दामोदर यांना त्यांनीं अमेरिकेस नेऊन शिकविलें. ते १९२९ सालीं हार्वर्डचे बी. ए. झाले. पुढें त्यांनीं दुसरी पदवी घेतली नाहीं, आणि तरीही गणितांत व प्राचीन भारताच्या इतिहासांत त्यांनीं केलेलें काम सर्वांना ठाऊक आहे. बापानें एकही पदवी घेतली नाहीं, मुलानें एक घेतली व तेवढ्यावर तो थांबला.

आज मात्र पालीच्या अध्यापकाच्या जागेसाठीं पदव्युत्तर पदवी हवी, आणि तिच्यावर नेट किंवा सेट, नाहीं तर डॉक्टरेट. हा नियम मला सर्वस्वीं पसंत आहे असें नाहीं; पण तो आहे, आणि त्याखालीं कोसंबींचा अर्ज छाननींतच बाद झाला असता. तेव्हां ‘निवेदन’ हातीं घेऊन जो मुलगा वडिलांना कॉलेज सोडतों म्हणून सांगेल, त्याला वडिलांनीं रागावूं नये. तूं कोणाजवळ, कोणता ग्रंथ, किती वर्षें वाचणार आहेस, एवढेंच विचारावें. कोसंबींना हा प्रश्न कोणी केला असता, तर त्यांच्याजवळ उत्तर तयार होतें.