फेर, पंखा आणि गुणांची वही

नृत्याविषयी बोलताना अलीकडे एक नवी भाषा कानावर पडू लागली आहे. नाचल्याने रक्तदाब उतरतो, मन हलके होते, म्हातारपणी स्मरण टिकते. म्हणून नाचावे, असे ही भाषा सांगते. जपानी पारंपरिक नृत्याचे नाव तर तिच्यात हमखास येते. संथ हालचाल, हातात पंखा, निर्विकार चेहरा. म्हणजे ही एक प्रकारची ध्यानधारणाच, असे समजले जाते. या नृत्याविषयी मला आदर आहे, पण ही भाषा मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगताना आपल्या भैंशातला एक प्रसंग सांगावा लागणार आहे. तो घडला नसता तर मी या विषयाकडे वळलोच नसतो.

आधी या नृत्याची ओळख. जपानात त्याला 'निहोन बुयो' म्हणतात. परंपरा जुनी असली तरी 'बुयो' हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला, आणि त्याचे श्रेय त्सुबोउची शोयो या नाट्यसमीक्षकाकडे जाते. त्याआधी 'माई' आणि 'ओदोरी' असे दोन वेगळे शब्द होते. 'माई' म्हणजे नो नाट्याच्या वळणाचे, जमिनीला धरून सरकणारे, वळणारे नृत्य. क्योतो-ओसाकाच्या बैठकींत ते वाढले. 'ओदोरी' म्हणजे ठेक्याचे, उसळीचे नृत्य. ते काबुकी रंगभूमीने पोसले. काबुकीचा आरंभ १६०३ साली क्योतोत ओकुनी नावाच्या एका स्त्रीने केला असे मानतात. पुढे १६२९ मध्ये स्त्रियांनाच रंगमंचावर बंदी झाली आणि स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. गंमत अशी, की पुरुष नटांनी रंगमंचावर घडवलेली ही नृत्ये पुढे शिकवणीच्या खोल्यांतून घरोघरच्या मुलीबाळींकडे परत आली. १८२६ साली प्रथम सादर झालेले 'फुजी मुसुमे' हे त्यांतले एक प्रसिद्ध नृत्य.

शिकण्याची रीत पाहण्यासारखी आहे. शिष्य गुडघे दुमडून बसतो, मिटलेला पंखा स्वतःपुढे जमिनीवर आडवा ठेवतो आणि त्यापलीकडच्या गुरूला वाकून नमस्कार करतो. मग गुरू नाचतो आणि शिष्य त्याचे पाहून करतो. सुट्या व्यायामांवर फारसा भर नसतो; एक लहानसे नृत्य अथपासून इतिपर्यंत बसवायचे, मग दुसरे घ्यायचे. खुलासे थोडे, पुन्हा करणे फार. कंबर खाली बसवलेली, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल न उचलता जमिनीवरून सरकवायचे. आपल्या कथकात पाय जमिनीवर बोलतो. इथे तो जमिनीशी कुजबुजतो. पंखा कधी पत्र होतो, कधी मद्याचा पेला, कधी लाट. आणि दोन हालचालींमधली जी रिकामी जागा, तिला ते 'मा' म्हणतात. ही जागा घाईने भरली तर नृत्य बिघडले. समेवर येण्याआधीचा क्षण ज्यांनी मैफलीत अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता यात सुख कुठे आहे? नो नाट्याचा आचार्य झेआमी याने 'काक्यो' या १४२४ च्या ग्रंथात एक विचार मांडला आहे. नटाने स्वतःला प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहायला शिकावे; आपली पाठ आपल्याला दिसत नाही, तीही मनाने पाहावी, असा त्याचा आशय. हा विचार नोचा असला तरी जपानी नृत्याच्या शिकवणीला तो फार जवळचा वाटतो. चिंतेने घेरलेला माणूस स्वतःला सदैव आतूनच पाहत असतो. त्याला तासभर स्वतःच्या पाठीची, कोपराची, पंख्याच्या टोकाची काळजी करायला लावा. तो स्वतःपासून चार पावले लांब जातो. त्याला जो हलकेपणा वाटतो तो याचा असावा. पण हा हलकेपणा मिळवण्यासाठीच जो शिकायला बसेल, त्याचे लक्ष पंख्यावर राहणार नाही, आपल्याला आता बरे वाटते आहे का, याच्यावर राहील. म्हणजे तो जिथे होता तिथेच राहिला!

शास्त्राचा दाखला देणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. न्यूयॉर्कमधल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ वृद्धांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्या शारीरिक हालचाली तपासल्या, त्यांत विस्मृतीच्या आजाराचा धोका कमी असण्याशी संबंध आढळला तो एकट्या नृत्याचा. हे मोलाचे आहे. पण नाचल्यामुळे स्मरण टिकले, की स्मरण शाबूत होते म्हणून ती माणसे नाचत राहिली, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. शिवाय वाचन, पट आणि वाद्य वाजवणे यांचाही तसाच संबंध तिथे दिसला होता. म्हणजे नुसते अंग हलवण्याची ही गोष्ट नसावी. काही शिकत राहण्याची असावी.

जपानी पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिथल्या नृत्यशाळा 'इएमोतो' नावाच्या घराणेप्रमुखाच्या हाताखाली चालतात. हानायागी, फुजिमा, वाकायागी, निशिकावा, बान्दो ही त्यांतली मोठी नावे. ठरावीक पायरीला पोचलेल्या शिष्याला घराण्याचे नाव लावण्याचा परवाना मिळतो आणि त्यासाठी पैसा मोजावा लागतो. किमोनोचा आणि रंगमंचावरच्या कार्यक्रमाचा खर्च वेगळाच. आपल्याकडे घराण्याची गायकी मिळते, तिथे घराण्याचे आडनाव मिळते. अशा रचनेत शिस्त टिकते, पण ज्याच्या गाठीला पैसा नाही तो दाराबाहेर राहतो. मनःशांतीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हा हिशेब सहसा नसतो.

दाराबाहेरच्या त्या माणसासाठी जपानातच दुसरे नृत्य आहे : बोन ओदोरी. उन्हाळ्यात पितर घरी येतात अशी श्रद्धा. त्या दिवसांत गावाच्या मोकळ्या जागेत लाकडी मचाण उभारतात, ढोल वाजतो आणि सारा गाव भोवती फेर धरतो. येथे परवाना नाही, फी नाही. येत नसेल त्याने मागे उभे राहावे आणि पुढच्याचे हात पाहावेत. या नृत्याची एक मुळी इप्पेन (१२३९–१२८९) या भिक्षूपर्यंत नेतात. बुद्धाचे नाम घेत तो लोकांसह नाचत गावोगाव फिरला. आपले नामदेव (१२७०–१३५०) जवळजवळ त्याच काळातले. नर्सीचा हा नामवेडा कीर्तनात नाचत होता, तेव्हा समुद्रापलीकडेही कुणी नामासाठीच नाचून गेला होता, हे कळल्यावर मन क्षणभर थांबते. २०२२ साली युनेस्कोने 'फुर्यू ओदोरी' या नावाखाली जपानातल्या अशा एकेचाळीस लोकनृत्यांना मानवतेच्या वारशात स्थान दिले.

आता भैंशातला प्रसंग. आपले गाव दोन भाषांचे. आदिलाबादेतून २०१६ साली निर्मल जिल्ह्यात गेले, तरी आश्विनात अंगण तेच असते. एका घरी पाटावरच्या हत्तीभोवती हादगा, शेजारी बतुकम्मा. तिच्या थाळीत तंगेडू, म्हणजे आपला तरवड. गुनुगू, म्हणजे आपला कुरडू. बतुकम्माचा आरंभ पितृ अमावास्येला होतो; पितर आणि फेर यांचे नाते आपल्यालाही परके नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवले. वेशभूषेला दहा, तालाला दहा, एकसूत्रतेला दहा. एका गटातली मुलगी सारखी चुकत होती, पुढच्या बाईकडे पाहून हात सावरत होती. मी गुण कापले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या वहीत डोकावून विचारले, "गुरुजी, मार्क कशाचे देऊ लालाव? शिकू लालीय की ती."

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते बोलणे सुटेना. फेरात शिकण्याची जी एकमेव रीत, पुढच्याचे पाहून हात सावरण्याची, तिचेच मी गुण कापले होते. पुढच्या वर्षी ती मुलगी फेरात दिसली नाही. कारण मला ठाऊक नाही. पण माझी वही मला आठवते.

पंख्याची शिस्त आणि फेराचे मोकळेपण एकत्र नांदू शकतात का? त्याचे उत्तर आपल्या डोंगरांत आहे. मार्लवाईचे कनक राजू यांनी गोंड तरुणांना गुस्साडी शिकवण्यात हयात घालवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचा मुकुट चढवून नाचणाऱ्या गुस्साडीला नेमधर्म कडक असतात. ते दिवस तो अंघोळसुद्धा करत नाही. त्याच्या काठीच्या स्पर्शाने दुखणे पळते अशी लोकांची श्रद्धा आहे. पण तो नाचतो तो देवासाठी आणि गावासाठी. दंडारीचा मेळा एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणा जातो, तिथे जेवतो, सोयरिकी जुळवतो. बरे वाटणे या साऱ्याच्या मागून येते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच : जपानी नृत्य कुणाला शिकायला मिळाले तर जरूर शिकावे, पण औषध म्हणून नव्हे. कठीण, सुंदर आणि आपल्याहून मोठी गोष्ट म्हणून शिकावे. आणि ज्यांना तो योग नाही, त्यांनी आपल्या अंगणातला फेर मोडू देऊ नये.

यंदा पुन्हा परीक्षक होण्याचे बोलावणे आले होते. मी नाही म्हणालो. गुणांऐवजी, चुकणाऱ्या मुलींना पुढे धरणाऱ्या दोन जाणत्या बायका प्रत्येक गटात ठेवा, एवढे सुचवून आलो. संयोजकांनी अजून उत्तर दिलेले नाही.