माकडे पन्नास की पाच?

कळपातल्या माकडांचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडे गुहेत शिरली. एक तेवढे फांदीवर चढलेले दिसते आहे. तर कळप केवढा? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले हे उदाहरण. ग्रंथ ११५० सालचा. आज पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात हे जसेच्या तसे घातले तरी त्याची धार कमी होणार नाही.

सोडवायला बसले की वर्गसमीकरण येते आणि दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, फांदीवरचे एक मिळवले की पन्नास. चोख. आता पाच घ्या. पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, उणे दोनाचा वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडेमोडीत कुठेही खोट नाही. पण एका माकडातून तीन माकडे वजा करायची कशी? भास्कराचार्य पाच हे उत्तर नाकारतात आणि कारणही देतात: ऋण संख्येतली माकडे व्यवहारात कोणी मानत नाही.

या उदाहरणाची खरी गोडी त्याच्या शेजारच्या उदाहरणासह वाचले की कळते. तिथेही माकडेच आहेत. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तेवढी रानात उड्या मारताहेत आणि बारा टेकडीवर कलकलाट करताहेत. उत्तरे ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन, वर्ग चार, अधिक बारा, सोळा. इथे भास्कराचार्य दोन्ही उत्तरे घेतात. म्हणजे दुसऱ्या उदाहरणावरून ‘दोन्ही उत्तरे लिहायची’ असा नियम ज्याने पाठ केला तो पहिल्यात पडतो. आणि पहिल्यावरून ‘लहान उत्तर टाकून द्यायचे’ हे ज्याने गाठीशी बांधले, तो दुसऱ्यात. एकच माकडांचा कळप, एकच वर्गसमीकरणाची रीत, आणि निवाडा उलट. प्रश्न कसा काढावा याचा याहून सुंदर नमुना मी पाहिलेला नाही. शिकणाऱ्याला रीत येते का, एवढ्यावर तो थांबत नाही. रीत संपल्यावर त्याला पुन्हा रानात, त्या टेकडीपाशी जावे लागते आणि विचारावे लागते, हे इथे घडू शकते का?

भास्कराचार्य गेल्यावर त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे, आणि तो लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्या मठात विद्यार्थ्याची परीक्षा कशी घेत असतील याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ही दोन उदाहरणे पाठोपाठ सोडवून घेतली असतील, तर वेगळ्या परीक्षेची गरजच काय होती?

आता पाटणहून थेट जुहूला येऊ. जेव्हीपीडी स्कीमपासून तारा रोडपर्यंतच्या या पट्ट्यात कॉलेजेच कॉलेजे आहेत. विरार-बोरिवलीहून लोकलने पार्ला किंवा सांताक्रूझला उतरून, तिथून बसने किंवा रिक्षाने मुले येतात. त्यांच्या पेपरांत माकडे नसतात, पण तोच पेच वेगळ्या वेषात असतो. असे एक समीकरण घेऊ: √(क्ष + ५) = क्ष − १. मूळचिन्ह घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा. क्ष + ५ = क्ष² − २क्ष + १. सगळे एका बाजूला आणले की क्ष² − ३क्ष − ४ = ०. अवयव पडतात (क्ष − ४)(क्ष + १), आणि उत्तरे ४ व −१. बहुतेक उत्तरपत्रिका इथवर सुरेख येतात, शेवटच्या ओळीखाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या असतात. पण −१ हे उत्तर नाही. मूळ समीकरणात −१ घाला: डावीकडे √४, म्हणजे २, आणि उजवीकडे −२.

स्टेप मार्किंगच्या सवयीने पाहिले तर एवढ्याला बहुतेक गुण जातात. मला मात्र उत्तरपत्रिका इथून पुढेच वाचावीशी वाटते, कारण इथून पुढे मुले वेगवेगळी होतात.

एकजण पडताळा लिहितो, पण तो वर्ग केलेल्या ओळीत. −१ अधिक ५ बरोबर ४. −१ वजा १ म्हणजे −२, त्याचा वर्ग ४. जुळले, दोन्ही उत्तरे बरोबर. या मुलाला पडताळ्याची शिस्त आहे, मेहनत आहे, आणि तरी त्याने चुकीच्या दारावर टकटक केली. वर्ग केला की चिन्ह पुसले जाते. +२ आणि −२ दोघेही ४ होऊन बसतात. त्यामुळे वर्गाच्या पुढच्या कुठल्याही ओळीत −१ बिनबोभाट खपतो. तो पकडला जातो फक्त प्रश्नपत्रिकेत छापलेल्या पहिल्या ओळीत. पाच माकडांचेही हेच झाले होते. उणे दोनाचा वर्ग चार झाला आणि अशक्य कळप शक्य दिसू लागला.

दुसरी मुलगी −१ वर काट मारते आणि पुढे लिहिते, ‘ऋण आहे म्हणून घेतले नाही.’ उत्तर बरोबर, पण कारण चूक. पूर्ण गुण द्यायला हात उचलतो, आणि तिथेच थांबायला हवे. तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: √(२ − क्ष) = −क्ष. यातून −२ आणि १ निघतात. −२ घातले की दोन्ही बाजूंना २ येतो, ते राहते. १ घातला की डावीकडे १ आणि उजवीकडे −१, तो जातो. ऋण राहिले, धन गेले. ही दोन समीकरणे एका प्रश्नाचे अ आणि ब म्हणून दिली, तर आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ती माकडांची जोडी पुन्हा उभी राहते, आणि ‘ऋण म्हणून टाकले’ हा आडाखा ब मध्ये उघडा पडतो.

आणि क्वचित अशी एखादी उत्तरपत्रिका हाती येते, जिच्यात पानाच्या तळाशी मोडक्या इंग्रजीत लिहिलेले असते की वर्गमूळ कधी ऋण नसते, म्हणून क्ष − १ ऋण चालणार नाही, म्हणून −१ नको. हे वाक्य वाचताना होणारा आनंद तपासनिसालाच ठाऊक. त्या वाक्यात मूल पहिल्या ओळीकडे परत गेलेले दिसते. अवयव पाडणे त्याने क्लासमध्ये घोटले असेल. हे वाक्य घोटून येत नाही.

बहुपर्यायी परीक्षेत नेमके हेच वाक्य हरवते. २०२० मध्ये कोविडच्या काळात मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन, पर्याय निवडण्याच्या झाल्या. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पण चार पर्यायांपैकी ‘४’ वर टिचकी मारणाऱ्यांत वर सांगितलेली दुसरी मुलगी आणि हे वाक्य लिहिणारा मुलगा एकाच रांगेत बसतात. पर्याय एकेक करून मूळ समीकरणात घालून पाहणारा तर समीकरण न सोडवताच सुटतो.

हे वाक्य लिहायला भाषा लागते. जुहू तारा रोडवर एसएनडीटी महिला विद्यापीठाचा परिसर आहे. ते विद्यापीठ १९१६ साली सुरू करणारे महर्षी कर्वे हे गणिताचेच प्राध्यापक. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवले, आणि आपल्या विद्यापीठात मुलींना मातृभाषेतून शिकता यावे हा त्यांचा आग्रह होता. गणिताला भाषा लागत नाही, चिन्हे पुरतात, असे म्हणणाऱ्यांनी त्या पानाच्या तळाचे वाक्य वाचावे. चिन्हांनी −१ आणून दिला. तो का नको, हे सांगायची वेळ आली तेव्हा मुलाला शब्दच शोधावे लागले, आणि तेही परक्या भाषेत. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेली किती मुले ते मनात पूर्ण करून कागदावर अर्धे सोडत असतील!

माझे प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या पेपरात बीजगणिताचा एक तरी प्रश्न असा ठेवा, की ज्यात एक मूळ राहील आणि एक जाईल. त्याच्या जोडीला दुसरा असा ठेवा, की ज्यात पहिल्याची युक्ती चालणार नाही. पाच गुणांतले दोन ‘का’ला राखून ठेवा, ते मॉडेल आन्सरमध्ये स्पष्ट लिहा म्हणजे मॉडरेटरही ते कापणार नाही. आणि ते ‘का’ मुलाने मराठीत, गुजरातीत, हिंदीत लिहिले तरी गुण द्या.