जवारी काढणारे

आषाढी आटोपून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत निघते, तेव्हा लोणारकडून मेहकरकडे जाताना आमच्या भागातलं सुलतानपूर वाटेत लागतं. दिंडीत वीणेकऱ्याचा मान सगळ्यांच्या आधी. आमच्या भागातल्या अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा सात दिवस खाली टेकतच नाही. पहारे बदलतात, ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिच्या पाया सगळेच पडतात. ती घडवली कुणी, असं विचारणारा मात्र मला अजून भेटलेला नाही.

वीणा तंबोऱ्याच्याच जातीची, तेव्हा ही चौकशी करायची तर तंतुवाद्यांचं मिरज गाठावं लागतं. 1850 च्या सुमारास तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे. इंग्रजी अमल बसला, हत्यारांची मागणी आटली. तोवर पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गवयांचा राबता होता. पोलादाला सरावलेले हात लाकडाकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांना सतारमेकर हेच आडनाव चिकटलं. बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे असा हा वारसा गेला. शाळा नाही, प्रमाणपत्र नाही; पोरानं आधी भोपळे घासायचे, पॉलिशपाशी बसायचं, मग कधीतरी हातात पटाशी यायची.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून. ते कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. वेलावर जून झालेला, उन्हात खडखडीत वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करायचा, कापायचा, आतून साफ करायचा. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे तोंडावरची फळी, आणि दांडी बसते. पूर्वी नक्षीला हस्तिदंत वापरत, आता प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. इथवरचं काम, कितीही नाजूक असलं तरी, डोळ्यांचं आणि हातांचं आहे. चांगला सुतार ते दोन-तीन वर्षांत उचलू शकेल, असं माझं मत आहे. कारागीर रागावतील कदाचित.

खरी परीक्षा पुढे. तबलीवर घोडी, म्हणजे तारांना टेकू देणारी पट्टी, बसते. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी हलक्या उताराने घासलेला असतो, म्हणजे तार थरथरताना त्या उताराला पुनःपुन्हा टेकते आणि एका सुरातून वरचे स्वर फुलत जातात. हीच जवारी. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सारून ती खुलवतात. कानशीचा एक हात जास्त पडला तर आवाज चिरका होतो, कमी पडला तर मुका राहतो. खुली जवारी हवी की बंद, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर ठरतं. माप घेऊन जवारी काढता येत नाही. ती ऐकून काढायची असते. म्हणून या कलेची परंपरा अर्धी कारागिरांची आणि अर्धी ऐकणाऱ्यांची आहे, असं मी मानतो. मिरजेला ही दुसरी अर्धी गावातच मिळाली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. अब्दुल करीम खाँ तर मिरजेचेच होऊन गेले. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करत, कृ. ब. देवल आणि क्लेमंट्स या अभ्यासकांच्या श्रुतींच्या प्रयोगांतही ते सामील होते. अशा माणसासाठी तंबोरा करायचा म्हणजे कारागिराचं रोजचं शिक्षणच.

हे दोन अर्धे एकत्र राहिले की काय होतं, ते आयर्लंडमध्ये दिसतं. तिथे इलन पाइप नावाचं वाद्य आहे. कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायचं, आणि त्याचा जीव रीडमध्ये, जसा तंबोऱ्याचा जवारीत. विसाव्या शतकात ते जवळजवळ संपत आलं होतं. लिओ राउसम (1903–1970) हा घराण्यातला तिसऱ्या पिढीचा कारागीर. पण तो नावाजलेला वादकही होता आणि डब्लिनच्या संगीतशाळेत शिकवत होता. घडवणारा, वाजवणारा आणि शिकवणारा एकाच अंगात. 1968 मध्ये वादकांनीच ‘ना पीबरी इलन’ ही संस्था काढली. ती आज वादनाबरोबर वाद्य घडवण्याचंही शिक्षण देते. 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत या वादनाचं नाव लागलं. या संस्थेच्याही कितीतरी आधी, 1913 मध्ये, शिकागोचे निवृत्त पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी आयरिश वादकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पाइप घडवणाऱ्यांनाही जागा दिली. आपल्याकडे गवयांच्या चरित्रांनी कपाटं भरली, त्यांच्या तंबोऱ्यांच्या कारागिरांना त्यात एखादं वाक्य मिळतं. कलकत्त्याची सतार घेणारा निदान हिरेन रॉय हे नाव उच्चारतो. मिरजेचा तंबोरा घेणारा बहुतेकदा फक्त ‘मिरजेचा’ म्हणतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे, बाहेरचा माल मिरजेच्या नावावर खपवणं आता अवघड जाईल. पण मानांकन गावाच्या नावाला कुंपण घालतं, कानाला नाही. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी चार दशकांपूर्वी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, मग मोबाइलमध्ये ॲप आलं. शिकणाऱ्याची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाड्याच्या खोलीत रियाज करणाऱ्या पोरानं चार तारा जुळवत बसावं, हा आग्रह मीही धरणार नाही. नुकसान वेगळंच आहे. तंबोरा हाती न घेतलेला गवई जवारीबद्दल तक्रार करत नाही, आणि तक्रार न ऐकलेला कारागीर घोडी नेहमीच्या सवयीने घासून मोकळा होतो. त्यातून दुकानाबाहेर जातं ते दिसायला देखणं आणि आवाजाला सरासरी वाद्य. कारागिरांच्या मुलांनी धंदा सोडला म्हणून हळहळणारे लेख पुष्कळ येतात. मिळकत तुटपुंजी असताना ते सोडणारच. पण जे टिकलेत त्यांच्यासमोर बसून ‘अजून थोडी खोल’ म्हणणारं कुणी उरलंय का, हे त्या लेखांत विचारलेलं नसतं.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते आणि बाहेरगावचे गवई मिरजेत येतातच. त्यांनी दोन दिवस आधी यावं, आपला तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत बसावं, शिकाऊ पोरांना समोर बसवून जवारी काढून घ्यावी. या कामाला अनुदानाचा अर्जही करावा लागणार नाही.