लष्करी शल्यचिकित्सकाचे चरित्र : पुरावा आणि त्याची मर्यादा

वसाहतकालीन ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकांच्या चरित्रसंशोधनात सेवानोंदी हे पायाभूत साधन होय. मात्र त्यांतून नियुक्त्या व बढत्या कळतात. व्यक्ती कळत नाही. डॉ. जेम्स बॅरी यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. १८१३ साली त्यांनी लष्करी सेवेत प्रवेश केला. १८२६ मध्ये केपटाऊन येथे त्यांनी केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियेत माता व बालक दोघेही वाचले. १८६५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे शरीर स्त्रीचे होते, ही वार्ता पसरली आणि वैद्यकीय कार्य झाकोळले गेले.

मायकेल डू प्री यांनी २००८ मध्ये कौटुंबिक पत्रांच्या आधारे या प्रश्नाचा उलगडा केला. बॅरी या सहीच्या १८०९ च्या पत्रावर वकिलाने प्रेषक म्हणून कुमारी बल्कली यांचे नाव टिपले होते. येथपर्यंत पुरावा भक्कम आहे. तथापि डू प्री व जेरेमी ड्रॉनफील्ड यांच्या २०१६ च्या चरित्राचे उपशीर्षक बॅरी यांना काळाच्या पुढची स्त्री ठरविते. पत्रांतून जन्मनाव सिद्ध होते. पुढील ५६ वर्षांतील त्यांची स्वतःविषयीची धारणा सिद्ध होत नाही. हा भेद पुसला गेल्यास चरित्रकाराचा निष्कर्षच पुराव्याची जागा घेतो.